वाढप्याची पंगत

आमच्या घरात विलायतेची एक गोष्ट होती. इतरांच्या घरी राक्षसाच्या, राजाराणीच्या गोष्टी सांगत असतील, आमच्याकडे एका इंग्रज जमीनदाराची आणि त्याच्या बटलरची गोष्ट सांगितली जायची, तीही तिसगावकडच्या बोलीत. सांगणारे आमचे दादा, म्हणजे वडील. भिंगारच्या छावणीच्या कडेला एका निवृत्त कर्नलसाहेबांचा बंगला होता. तिथं स्वयंपाकापासून बुटांच्या पॉलिशपर्यंत सगळं दादा बघायचे. अख्ख्या भिंगारात त्यांना भागुजी बटलर म्हणत. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत दादा, आई आणि मी, असे तिघं राहत होतो. पहाटे सैनिकांच्या लाइनीतून बिगूल वाजला की आई चूल पेटवायची, आणि दुपारी चांदमारीच्या मैदानावरून गोळ्यांचे आवाज यायला लागले की आमच्या कोंबड्या खुराड्यात पळायच्या. त्या रोजच्या आवाजांना एवढ्या वर्षांत सरावल्या नाहीत म्हणून आई त्यांना मूर्ख म्हणायची.

बंगल्यातून कटलेटचा, पुडिंगचा, भाजत्या केकचा वास आमच्या खोल्यांपर्यंत यायचा. वासच फक्त. दादांनी तिथला घास कधी घरी आणला नाही, उरलेला असला तरी नाही. दुष्काळाची सालं होती, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना आई पुटपुटायची, "एवढं लोनी तिकडं केकाला लावत्यात, चमचाभर इकडं आनलं तर काय साहेबाचं राज्य बुडतंय?" दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना घरी आल्यावर हुलग्याचे शेंगोळे लागायचे, झणझणीत, वर कच्चा कांदा. दिवसभर बंगल्यात उभं राहिलेला माणूस पाटावर मांडी घालून बसायचा, तेव्हा गुडघ्यातून कट्ट असा आवाज यायचा. आई म्हणायची, "बसा. हितं तरी बसा." आणि मग जेवण झालं, हात धुतले, की मी म्हणायचे, "दादा, जमीनदाराची सांगा ना." मी तेव्हा नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, गोष्टी ऐकायचं वय उलटून गेलं होतं, तरी म्हणायचे.

ही गोष्ट दादांना साहेबांनी दिली होती. साहेब मूळचे साताऱ्याकडच्या खेड्यातल्या पाटलाचे पोर. शिक्षण, लष्कर, परदेश सगळं झालं, बायको वारली, मुलगी बंगलोरला नांदत होती. व्हरांड्यात आरामखुर्चीत पडून इंग्रजी विनोदी कादंबऱ्या वाचणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. वाचता वाचता ते एकटेच खदाखदा हसायचे. चहा घेऊन गेलेले दादा ट्रे हातात धरून विचारायचे, "काय झालं, साहेब?" मग साहेब सांगायचे. एकाच जमीनदाराच्या आणि एकाच बटलरच्या त्या कादंबऱ्या होत्या, एकापुढं एक. त्यातला एक प्रसंग दादांना एवढा आवडला की तो दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सांगावा लागायचा.

प्रसंग असा. जमीनदार कफल्लक, पण वाडा मोठा आणि ऐट त्याहून मोठी. त्यानं बड्या लोकांना जेवायला बोलावलेलं असतं. सगळे टेबलाशी बसणार तोच त्याची मावशी मोजते, तर माणसं भरतात तेरा. तेरा माणसं एका टेबलाला बसली की वर्षाच्या आत एक मरतो, अशी इंग्रजांची समजूत. मावशी उठून चालू लागते. मग जमीनदार घाईघाईनं बटलरच्या अंगावर आपला कोट चढवतो आणि हिंदुस्थानातून परतलेले जनरल म्हणून त्याला चौदावा पाहुणा करून बसवतो. आता पंचाईत अशी की बटलर बसला तर वाढणार कोण? मावशी घंटी वाजवते, की जनरल ताडकन उभे. काहीतरी थाप मारायची, बाहेर जायचं, तोंडावर रुमाल बांधून सूप आणायचं, वाढायचं, पुन्हा कोट चढवून खुर्चीत येऊन बसायचं. दादा हे सगळं करून दाखवायचे. मी फुलपात्रावर चमचा वाजवायचा आणि दादांनी पाटावरून उठायचं, हातात नसलेला ट्रे सावरत आईपुढं वाकायचं. आई तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, "पुरं आता, येडे का काय!"

आणि मग शेवट यायचा. तो सांगताना दादांचा आवाज बदलायचा. पाहुणे निघून जातात. बटलर कोट काढून ठेवतो आणि उष्टी भांडी गोळा करायला लागतो. जमीनदार त्याच्या हातातून ताटं काढून घेतो, त्याला टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसवतो, कमरेला फडकं बांधतो आणि आपल्या हातानं त्याला वाढतो. "बघ," दादा म्हणायचे, "आपल्यात शेवटची पंगत वाढप्याची असती. दिवसभर राबल्यालं वाढपी बसत्यात आन् घरमालक सोता बादली घिऊन वाढतो. न्हाई वाढलं तर त्यो मालक कसला? विलायतेत बी तसंच हाय." ही दोन मुलुखांतली सारखी गोष्ट आपल्याला सापडली, याचा त्यांना केवढा अभिमान होता. मला आज वाटतं, त्या गोष्टीतलं हसू दादांना आवडायचं, पण पुन्हा पुन्हा ऐकायचे ते या शेवटासाठी.

साहेबांनी टीव्ही घेतला तेव्हा पुण्याजवळच्या डोंगरावरून निघालेलं चित्र भिंगारपर्यंत पोचेल की नाही, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. गच्चीवर पाइपाला पाइप जोडून उंच खांब केला, चारी बाजूंनी तारा ताणल्या, टोकाला अँटेना. वारा सुटला की खांब फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग दादा गच्चीवर. खांब हातात धरून इंच इंच फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" खालून सगळे, "आलं, आलं! अरे, गेलं!" त्यात आणखी गंमत अशी की दादांनी खांब धरून ठेवला की चित्र लख्ख, सोडला की गेलं. असं का व्हायचं कोण जाणे. त्यामुळं रविवारी छावणीतले साहेबलोक, त्यांच्या बायका, पोरं सगळी दिवाणखान्यात सिनेमा बघायची, मी आणि आई दाराशी बसून बघायचो, आणि दादा गच्चीवर खांब धरून उभे. बंगल्यात टीव्ही येऊनसुद्धा त्यांनी एक अख्खं गाणं पाहिलं नव्हतं. गाणी ते जिन्यातून ऐकायचे.

एका सकाळी साहेब पेपर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मी तिथं दादांना मटार सोलून देत होते. साहेब म्हणाले, "भागुजी, आपला जमीनदार टीव्हीवर आलाय. विलायतेत त्याची मालिका केलीय, ती दाखवतायत. आणि या आठवड्यात कुठला भाग आहे माहितीय? तेरा माणसांचा!"

दादांच्या हातातली पळी तशीच राहिली. "आपला बटलर? दिसनार?"

"दिसणार. आणि तू बसून बघणार. पाहुणा म्हणून यायचं, पुढच्या दारानं. माझ्याशेजारी खुर्ची. हुकूम समज."

बंगला विकला गेला होता, हे तेव्हा आम्हाला ठाऊक होतं. महिन्याभरात साहेब मुलीकडे कायमचे जाणार होते. जाण्याआधी आपल्या माणसाला काहीतरी द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं होतं. ते मी नाकारत नाही. साहेब वाईट नव्हते, वाईट असते तर हे प्रकरण लिहिताना मला इतका त्रास झाला नसता.

तो आठवडा दादा वेगळेच होते. भाजी आणायला जाताना बाजारात दुकानदारांना सांगायचे, "शनवारी जरा काम हाय, टीव्ही बघायचाय." आईनं त्यांचा पांढरा सदरा कांजी करून वाळवला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. शनिवारी दुपारीच दादांनी सँडविच केले, केक भाजला, चहा थर्मासात भरला, सगळं टेबलावर मांडून वर नॅपकिन झाकले. कुणाला काही वाढावं लागू नये, पाहुण्यांनी हातानं घ्यावं, अशी सगळी व्यवस्था. मग अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले ते सवयीनं मागच्या दाराशीच गेले आणि तिथं चपला काढल्या. मी म्हटलं, "दादा, पुढून." तेव्हा चपला हातात घेऊन, बंगल्याला वळसा घालून, ते पुढच्या पायऱ्यांवर आले. आयुष्यात पहिल्यांदा.

छावणीतले पाच-सहा अधिकारी सहकुटुंब आले होते. साहेबांच्या डाव्या हाताला वेताची खुर्ची ठेवली होती. दादा तिच्या काठावर टेकले, हात गुडघ्यांवर. मी त्यांच्याशेजारी सतरंजीवर, आई दाराजवळ. एका कॅप्टनची नवी बायको म्हणाली, "भागुजी, पाणी." दादा उठलेच. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज भागुजी पाहुणे आहेत." सगळे हसले, कॅप्टनीणबाई लाजली आणि स्वतः उठून पाणी घेऊन आली. दादांचे कान लाल झाले. पण सुखानं झाले होते, मला दिसत होतं.

मालिका सुरू झाली. मोठा वाडा, मेणबत्त्या, बायकांचे जमिनीवर लोळणारे झगे, आणि मग दार उघडून तो आला, उंच, हनुवटी वर. दादा पुढं वाकून म्हणाले, "ह्योच! असाच हुता माझ्या डोळ्यापुढं!" साहेब म्हणाले, "थांब, आता मावशी येईल." मावशी आली आणि टेबलाशी उभी राहून बोट नाचवत माणसं मोजायला लागली. तेवढ्यात गच्चीवरच्या तारा वाजल्या. बाहेर वारा सुटला होता. मावशी वाकडी झाली, दोन झाली, आणि तिच्या जागी मुंग्या.

"भागुजी!" एकदम चार-पाच जणांच्या तोंडून निघालं. कुणाच्याही मनात काही नव्हतं. पंखा थांबला की वर बघतो, तसे सगळे दादांकडं बघायला लागले.

साहेब म्हणाले, "बस रे. येईल आपोआप."

ते आलं नाही. लोक चुळबुळायला लागले. दादांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं, आणि उठले. "आलोच मी. कुसुम, जागा धरून ठिव गं." मी त्यांच्या खुर्चीवर हात ठेवला. जिन्यावर त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज आला, मग वरून हाक, "आलं का?" आणि चित्र आलं. असं लख्ख की मावशीच्या गळ्यातले मोती दिसावेत. "आलं!" सगळे ओरडले. दादांनी खांब सोडला असणार, कारण लगेच गेलं. "गेलं, गेलं! धर!" पुन्हा आलं. मग ते पुन्हा गेलं नाही.

साहेबांना ते खुपत होतं. थोड्या वेळानं ते कॅप्टनला म्हणाले, "तू जरा वर जा आणि त्याला खाली पाठव. हे त्याच्यासाठी आहे." कॅप्टन गेला. दोन क्षणांत पडद्यावर वावटळ उठली. बायका हळहळल्या, कुणी म्हणालं, "आता कुठं रंगत होतं." वरून दादांचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या, साहेब! माझ्याच हाताला बसलंय ते! तुमी बघा!" कॅप्टन खाली आला, हात झटकत. साहेबांनी काठीला हात घातला. ते अर्धे उठलेसुद्धा. मला वाटलं, आता हे स्वतः वर जातात. तेवढ्यात पडद्यावर घंटी वाजली, जनरल झालेला बटलर ताडकन उभा राहिला आणि दिवाणखाना हास्यानं दणाणला. साहेबांची ती सगळ्यात आवडती जागा होती. त्यांची मान पडद्याकडं वळली, आणि ते बसले. पुढं ते डोळे पुसत हसत होते, मी हसत होते, आईसुद्धा हसत होती. इंग्रजी मला निम्मं कळत होतं, पण गोष्ट पाठ होती. प्रत्येक हशाबरोबर मला वाटायचं, दादांना ऐकू जात असेल, ते ओळखत असतील आता काय चाललंय.

पडद्यावरचे पाहुणे गेले. बटलरनं कोट काढला, ताटं गोळा केली. मी खुर्चीवरचा हात घट्ट केला. आता जमीनदार येणार. जमीनदार आला, जांभई दिली, बटलरकडं न बघता मेणबत्ती उचलली आणि जिना चढून झोपायला गेला. बटलर स्वयंपाकघरात गेला. ओट्याशी उभ्याउभ्यानं त्यानं कुणाच्या तरी ताटात उरलेली कोंबडीची तंगडी उचलली, समोरच्या रिकाम्या खुर्चीला जनरलसारखा सलाम ठोकला आणि खायला लागला. हशा झाला, नावं वर सरकायला लागली, संपलं.

मी साहेबांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, आणि मग त्यांनी नजर खाली घेतली. तेव्हा मला कळलं. पुस्तकात तो शेवट नव्हताच. पहिल्यांदा गोष्ट सांगताना, समोर ट्रे धरून उभा असलेला माणूस शेवट ऐकायला थांबलाय हे बघून, त्या साताऱ्याकडच्या पाटलाच्या पोरानं आपल्या गावची पंगत विलायतेला नेऊन घातली होती.

दादा खाली आले. तळहात गंजानं तांबडे, इस्त्रीच्या सदऱ्यावर छातीशी खांबाचा पट्टा उठलेला. केस वाऱ्यानं विस्कटलेले, चेहरा फुललेला. दारातूनच त्यांनी विचारलं, "शेवटाला वाढलं का गं त्यानं?"

मी म्हटलं, "वाढलं, दादा. आपल्या हातानं वाढलं."

"मी म्हनलं न्हवतं?" त्यांनी आईकडं पाहिलं. "साहेब सांगत्यात ते खोटं कसं असंल?"

साहेब उठले. टेबलाशी गेले. एक नॅपकिन बाजूला केला, रिकामी ताटली घेतली, तिच्यात दोन सँडविच ठेवले, केकचा तुकडा ठेवला, थांबून आणखी एक ठेवला. ताटली दोन्ही हातांत धरून ते दिवाणखाना ओलांडून दादांकडं यायला लागले. दादांनी साहेबांना ताटली घेऊन येताना पाहिलं आणि ते लगबगीनं पुढं झाले. "अवो साहेब, तुमी कशाला? द्या हिकडं." त्यांनी ती साहेबांच्या हातातून घेतली आणि आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

एक शब्द पुरला असता. ही तुझी आहे, बस, एवढंच. पलटणीला हुकूम देणाऱ्या त्या माणसाला तो शब्द सुचला नाही. कॅप्टनीणबाई दारातून "गुड नाइट, सर" म्हणाली, साहेब तिकडं वळले. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. दादा कपबशा विसळायला लागले होते. वेताची खुर्ची होती तिथंच होती. इतक्या वर्षांनीही मला साहेबांचा राग येतो तो त्या न बोललेल्या शब्दासाठी, आणि कीव येते तीही त्याचसाठी.

महिन्याभरात साहेब गेले. दादांनीच त्यांचं सामान बांधलं, पुस्तकांच्या पेट्यांना दोऱ्या आवळल्या, नगरच्या स्टेशनावर गाडी हलेपर्यंत उभे राहिले. पुढं त्यांनी एका मेसमध्ये नोकरी केली, आणि हातपाय थकल्यावर माझ्या घरी आले. माझ्या घरी टीव्ही होता, रंगीत. चित्र जरा हललं की दादा उठून उभे राहायचे. मी ओरडायचे, "दादा, बसा हो, आता खांब नाही." ते ओशाळून बसायचे, आणि पुन्हा तसंच व्हायचं.

माझ्या मुलांना त्यांनी ती गोष्ट सांगितली, घंटीसकट, सूपसकट. शेवट आला की माझ्याकडं बोट करायचे, "मी न्हाई बघितलं, म्या खांब धरला हुता. पन इचारा तुमच्या आईला, तिनं डोळ्यानं बघितलंय." मी पोळी लाटता लाटता हो म्हणायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी अजूनही तेच सांगेन.

अगदी शेवटच्या दिवसांत, अंथरुणावर असताना, मी त्यांना पेज भरवत होते. तोंड पुसलं तर म्हणाले, "कुसुम, त्या बटलरला ताटात काय वाढलं हुतं गं? त्ये तू कधी सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, "दोन सँडविच होते. आणि केक. एक तुकडा ठेवला, मग थांबून आणखी एक ठेवला."

"केक बी?" त्यांना फार बरं वाटलं. मग विचारलं, "बसून खाल्लं का त्यानं?"

"हो, दादा. बसून खाल्लं."